अपग्रेड की पूर्ण आवृत्ती : ऑफिसच्या परवान्यांचा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या दोन्ही आवृत्त्यांना सुरक्षाविषयक सुधारणा देणे थांबवले आणि त्याच दिवशी विंडोज १० ची नेहमीची मुदतही संपली. लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय असल्यामुळे तेव्हापासून येणाऱ्या फोनमध्ये एक प्रश्न हमखास असतो : "आमच्याकडे ऑफिस आहेच, मग नवीन पूर्ण कशाला घ्यायचे? त्यावरच अपग्रेड मारून मिळेल ना?" विचारणाऱ्यांत पतसंस्थांचे व्यवस्थापक असतात, सीएंच्या कार्यालयातील जुने लेखनिक असतात, गृहनिर्माण संस्थांचे सचिव असतात. त्यांना द्यायचे उत्तर एका वाक्याचे आहे. ऑफिसची अपग्रेड आवृत्ती, म्हणजे जुने ऑफिस असणाऱ्याला सवलतीत मिळणारी नवी आवृत्ती, २०१० पासून किरकोळ बाजारात मिळतच नाही.

तरीही या प्रश्नामागचा विचार मला चुकीचा वाटत नाही. ज्याने एकदा पैसे मोजले आहेत त्याला पुढच्या खरेदीत काही सूट मिळावी ही अपेक्षा रास्त आहे आणि एके काळी ती पुरीही होत होती. ती सूट कशाच्या बदल्यात मिळत होती, हे मात्र फार थोड्या खरेदीदारांनी पाहिले. सॉफ्टवेअरच्या व्यवहारात स्वस्त पर्याय घेताना खरेदीदार आपला कोणता ना कोणता हक्क सोडून देत असतो, असे माझे अनेक वर्षांच्या कामातून झालेले मत आहे. तो हक्क कोणता हे एकदा कळले, की कोणता पर्याय घ्यावा याविषयी फारसा घोळ उरत नाही. हे समजून घेण्यासाठी जुन्या अपग्रेडच्या खोक्याइतके उघड उदाहरण दुसरे नसल्यामुळे आधी त्याच्याविषयी सविस्तर लिहितो.

ऑफिस २००७ बाजारात आले तेव्हा एकाच नावाची दोन खोकी दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी असत. अमेरिकेतील छापील किमती पाहिल्या तर स्टँडर्ड आवृत्ती पूर्ण घेतल्यास ३९९ डॉलरला आणि अपग्रेड म्हणून घेतल्यास २३९ डॉलरला होती. प्रोफेशनल आवृत्तीसाठी हेच आकडे ४९९ आणि ३२९ असे होते. खोके गोलसर कडेचे, कडक प्लास्टिकचे असे. बाजूची लाल पट्टी ओढून ते उघडायचे असे आणि ही पट्टी ओढल्यावरही झाकण नेमके कोणत्या बाजूला फिरवायचे हे पहिल्या वेळी कोणालाच कळत नसे. आत चकती आणि पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की एवढाच ऐवज. दोन्ही खोक्यांतील वर्ड तेच, एक्सेलही तेच. अपग्रेड म्हणजे काहीतरी कमी असलेले ऑफिस, त्यात काही सोयी वगळलेल्या असतात, असा समज त्या वेळी सर्रास होता आणि काही दुकानदार महाग खोके खपवण्यासाठी तो दूरही करत नसत.

फरक होता तो बसवण्याच्या वेळी. अपग्रेडची चकती घातली की ती आधी हार्ड डिस्कवर सवलतीस पात्र असलेले जुने सॉफ्टवेअर शोधत असे आणि ते सापडले नाही तर त्याची मूळ सीडी दाखवा अशी मागणी करत असे. चालू संगणकावर जुने ऑफिस बसवलेले असेल तेव्हा हा प्रकार लक्षातही येत नसे, कारण शोध क्षणात पुरा होई. खरी अडचण दोन-तीन वर्षांनी येत असे. हार्ड डिस्क बंद पडते, नवी घालून विंडोज पुन्हा बसवले जाते आणि मग अपग्रेडची चकती आपली जुनी मागणी पुढे करते. ट्रेमध्ये नवी चकती घाला, ती अडली की काढून जुन्या ऑफिस २००३ ची सीडी घाला, तिची पडताळणी होऊ द्या, मग पुन्हा नवी घाला, आणि हे सगळे करण्याआधी ती २००३ ची सीडी कोणत्या कपाटात आहे ते आठवा. जुने सॉफ्टवेअर आता लागत नाही म्हणून ज्यांनी सीडी रद्दीत काढली होती किंवा कोणा नातेवाइकाला देऊन टाकली होती, त्यांच्या हातात एकट्या अपग्रेडच्या खोक्याचा काहीही उपयोग नसे.

परवान्याचा मजकूर याहून कडक होता. अपग्रेड केल्यावर जुना आणि नवा असे दोन परवाने खरेदीदाराजवळ राहत नसत. दोन्ही मिळून एकच परवाना होत असे. म्हणजे जुन्या ऑफिसचा वेगळा वापर करण्याचा, ते दुसऱ्याला देण्याचा किंवा विकण्याचा हक्क त्या क्षणी संपत असे. आपल्याकडच्या कार्यालयांत नेमके याच्या उलट घडत आले आहे. साहेबांच्या टेबलावर नवा संगणक येतो, त्यावर अपग्रेड बसते, साहेबांचा जुना संगणक आवक-जावक पाहणाऱ्या लेखनिकाकडे जातो आणि त्यावरचे जुने ऑफिस पूर्वीसारखेच चालू राहते. संगणक तक्रार करत नाही, दोन्हीकडे कामे सुरू असतात, आणि दोन सीड्यांची दोन बिले फायलीत असल्यामुळे सर्वांना आपण दोन परवान्यांचे मालक आहोत असेच वाटते. कागदोपत्री मात्र परवाना एक आणि संगणक दोन अशी स्थिती झालेली असते. अपग्रेडविषयीच्या सगळ्या गैरसमजांत मी हा सर्वांत मोठा मानतो, कारण यात कोणाचाही हेतू वाईट नसतो.

भारतीय कायद्याच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यावसायिक लाभासाठी वापर झाला नसेल तर न्यायालय कारावास टाळून केवळ दंड करू शकते, पण कार्यालयातील वापराला ही पळवाट सहसा उपलब्ध नसते. गैरसमजापोटी चाललेला वापर 'जाणूनबुजून' ठरेल की नाही हा वकिलांचा विषय आहे. मी आपला परवान्यांची नोंदवही ठेवायला सांगतो आणि पुढे जातो.

पात्रतेचे नियम आजच्या खरेदीदाराला विलक्षण उदार वाटतील. ऑफिस ९७ च्या काळात वर्डपरफेक्ट किंवा लोटस स्मार्टसूट वापरणाऱ्यांनाही ऑफिसचे अपग्रेड घेता येत असे, कारण तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा ग्राहक आपल्याकडे ओढणे हे सवलतीमागचे खरे कारण होते. वर्डपरफेक्ट विकणाऱ्या कोरेल कंपनीनेही त्याचे अपग्रेड मायक्रोसॉफ्ट ऑफिस वापरणाऱ्यांना खुले ठेवून त्याची परतफेड केली. ऑफिस २००७ च्या अपग्रेडला ऑफिस २००० पासूनची कोणतीही आवृत्ती चालत असे, म्हणजे मधली दोन अपग्रेड चुकवणाऱ्याचेही काही नुकसान होत नव्हते. इतकेच काय, मायक्रोसॉफ्ट वर्क्स हे साधे घरगुती सॉफ्टवेअरही पात्र ठरत असे. परदेशात ते कित्येक नव्या संगणकांवर आयतेच बसवलेले येई आणि वेगळे घेतले तरी चाळीस डॉलरच्या आसपास मिळे. वर्क्स आणि अपग्रेड मिळून होणारी किंमत पूर्ण आवृत्तीच्या किमतीपेक्षा शंभर-सव्वाशे डॉलरने कमी भरत असल्यामुळे, ज्याला नियम ठाऊक होते त्याने पूर्ण आवृत्ती घेण्याचे आर्थिक कारणच उरत नव्हते.

आपल्या बाजारात ही गंमत फारशी पोचली नाही. येथे घरोघरी आणि दुकानोदुकानी असेंबल्ड संगणक होते, त्यांवर वर्क्स तर नव्हतेच, आणि जे ऑफिस होते ते बहुतेक वेळा संगणक जुळवून देणाऱ्याने 'सोबत टाकून' दिलेले होते. अशा प्रतीवर अपग्रेडची चकती तांत्रिकदृष्ट्या निमूटपणे बसत असे, कारण शोध घेणारी खिडकी बिल मागत नाही. परंतु ज्या परवान्याच्या आधारावर सूट मिळवायची तो परवानाच अस्तित्वात नसेल, तर अपग्रेडसाठी मोजलेले पैसेही वाया गेलेले असतात. नवे बिल आहे म्हणून आपण निर्धास्त आहोत अशी समजूत असणाऱ्या एका कार्यालयात मी हे समजावून सांगितले, तेव्हा तेथील साहेबांचा पहिला प्रश्न होता, "मग निदान अर्धे तरी कायदेशीर आहे ना?" अर्धा परवाना असा प्रकार नसतो, हे त्यांना पटायला चहाचे दोन कप लागले.

याच्या जोडीला संगणकाबरोबर येणाऱ्या परवान्याची अट असे. कंपनीने लॅपटॉपवर बसवून दिलेले ऑफिस त्याच लॅपटॉपशी बांधलेले असते. लॅपटॉप मोडीत निघाला की परवानाही मोडीत निघतो. त्यावर घेतलेले अपग्रेड दुसऱ्या संगणकावर न्यायचे म्हटले तर तेथे नवा पात्र आधार लागतो, म्हणजे पाया हलत नाही म्हणून त्यावर पैसे खर्चून चढवलेला मजलाही तेथेच सोडून यावा लागतो. पूर्ण किरकोळ आवृत्तीला असे कोणतेही बंधन नसे. जुन्या संगणकावरून काढावी आणि नव्यावर बसवावी, एवढे सोपे ते काम होते.

म्हणून त्या काळात माझा सल्ला घरासाठी वेगळा आणि कार्यालयासाठी वेगळा असे. ज्या घरात एकच संगणक आहे, मूळ सीडी आणि बिल जपून ठेवलेले आहे, त्यांनी अपग्रेडच घ्यावे. उगाच दीडशेहून अधिक डॉलरच्या बरोबरीचे रुपये जास्त मोजण्यात शहाणपण नाही. ज्या कार्यालयात दरवर्षी एखादा संगणक बदलतो, जुना संगणक खालच्या टेबलाकडे सरकतो आणि सीड्या सांभाळणारा माणूस बदली होऊन जातो, तेथे पूर्ण आवृत्तीच बरी. तिची जास्तीची किंमत ही परवाना हलवण्याच्या आणि जुना परवाना वेगळा वापरण्याच्या हक्काची किंमत होती आणि कार्यालयाला तो हक्क हमखास लागतो. शाळकरी मुले असलेल्या घरांसाठी होम अँड स्टुडंट हा तिसरा मार्ग होता. १४९ डॉलरमध्ये तीन संगणक, त्यात अपग्रेडचा प्रकारच नाही. मात्र त्या खोक्यावर व्यावसायिक वापराला मनाई असल्याचे छापलेले असे आणि तेच वाक्य न वाचता कित्येक कार्यालयांनी ते घेतले.

मोठ्या कंपन्यांसाठी अपग्रेडचे दार याआधीच बंद झाले होते. एकगठ्ठा परवाने घेणाऱ्यांना पूर्वी प्रत्येक नव्या आवृत्तीचे अपग्रेड स्वतंत्रपणे घेता येत असे. १ ऑगस्ट २००२ पासून ती सोय जाऊन तिच्या जागी सॉफ्टवेअर ॲश्युरन्स ही दरवर्षी हप्ता भरण्याची योजना आली. नव्या आवृत्तीची गरज आहे की नाही हे ती आल्यावर ठरवण्याचा हक्क ग्राहकाने गमावला आणि ती येईल या भरवशावर आधीच पैसे भरू लागला. पुढे घराघरांत जे होणार होते त्याची ही पूर्वतयारी होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

२०१० मध्ये किरकोळ विक्रीतूनही अपग्रेड नाहीसे झाले आणि त्याच्या जागी की-कार्ड आले. चकती नाही, फक्त प्रॉडक्ट की असलेले पुठ्ठ्याचे कार्ड. होम अँड बिझनेस चकतीसह २७९ डॉलरला आणि कार्डावर १९९ डॉलरला. जुने ऑफिस असण्याची अट नाही, सीडी शोधण्याची कटकट नाही, आणि किंमत जवळपास जुन्या अपग्रेडइतकी; त्यामुळे लोकांनी कार्डाचे स्वागतच केले. पण खोक्यातली प्रत एका टेबलावरच्या आणि एका सोबत नेण्याच्या संगणकावर चालत असे आणि पुढे हलवताही येत असे, तर कार्डावरची प्रत एका संगणकाशी कायमची बांधली जात असे. सूट तेवढीच राहिली, बदल्यात जाणारा हक्क तेवढा बदलला. ऑफिस २०१३ मध्ये तर सगळ्याच किरकोळ प्रती एका संगणकाशी बांधण्याचा प्रयत्न झाला. ग्राहकांनी बराच गलका केल्यावर मार्च २०१३ मध्ये कंपनीने माघार घेऊन नव्वद दिवसांतून एकदा परवाना दुसऱ्या संगणकावर नेण्याची मुभा दिली. ग्राहकांच्या तक्रारीमुळे परवान्याचे कलम बदलल्याची अशी उदाहरणे फार नाहीत.

आपल्याकडे टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना अपग्रेडचा हा इतिहास अनोळखी वाटेल, कारण तेथे परवाना कायमचा आणि नव्या आवृत्त्यांसाठी टीएसएस या टॅलीच्या सेवा-वर्गणीचे वार्षिक नूतनीकरण अशी दुहेरी रचना आहे. टीएसएस चालू असलेल्यांना ईआरपी ९ या जुन्या आवृत्तीवरून टॅली प्राइम या नव्या आवृत्तीवर जाताना वेगळे पैसे पडले नाहीत. ज्यांचे नूतनीकरण थांबले होते त्यांचे जुने टॅली चालूच राहिले. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते. हप्ता भरला नाही म्हणून आपलीच जमाखर्चाची वही कोणी बंद करत नाही.

आता आजच्या निवडीकडे येतो. ऑफिस २०२४ हे एकदाच पैसे भरून मिळणारे ऑफिस आहे आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ हे वर्गणीचे. फोनवर विचारला जाणारा 'अपग्रेड की पूर्ण' हा प्रश्न आज खरे तर 'वर्गणी की पूर्ण' असा विचारायला हवा. वर्गणीत नव्या आवृत्त्या आपोआप मिळत राहतात, म्हणजे ते एक कधीही न संपणारे अपग्रेडच आहे. बदल्यात सोडावा लागणारा हक्क हा की, पैसे भरणे थांबवल्यावर वर्ड आणि एक्सेल फायली उघडून दाखवतात, छापूनही देतात, पण त्यांत एक अक्षरही बदलू देत नाहीत. एकदाच घेतलेल्या ऑफिसला हे भय नाही. त्याला भय आहे ते तारखेचे.

आणि ही तारीख खरेदीच्या दिवसापासून मोजायची नसते, हे मला प्रत्येक फोनवर सांगावे लागते. ऑफिस २०२४ हे १ ऑक्टोबर २०२४ रोजी आले आणि त्याला ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत सुरक्षाविषयक सुधारणा मिळणार आहेत. तुम्ही ते २०२४ मध्ये घ्या किंवा २०२८ मध्ये, शेवटची तारीख तीच. ऑफिस २०२१ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. तरीही दुकानातील उरलेल्या साठ्यातील २०२१ ची प्रत थोड्या सवलतीत मिळते म्हणून घेणारे भेटतात. सवलतीचा आकडा उरलेल्या महिन्यांनी भागून पाहावा, म्हणजे ती सवलत आहे की दंड आहे ते कळते.

हिशेबाची आणखी एक बाजू कर भरणाऱ्या कार्यालयांसाठी आहे. एकदाच घेतलेले सॉफ्टवेअर प्राप्तिकरासाठी मालमत्ता धरले जाते आणि त्यावर संगणकाच्याच वर्गात ४० टक्के घसारा मिळतो. खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्या वर्षी त्याच्या निम्मा. वर्गणी मात्र त्या वर्षाचा खर्च म्हणून पूर्ण वजा होते. दोन्हीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि ज्यांना त्याची वजावट घेता येते त्यांनी बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. सीएंच्या कार्यालयात हे वेगळे सांगावे लागू नये, तरी स्वतःच्या खरेदीच्या बाबतीत तेथेच ते राहून जाते असे माझे निरीक्षण आहे.

इंटरनेटवर काही शे रुपयांत मिळणाऱ्या 'तहहयात' प्रॉडक्ट कींविषयी थोडक्यात लिहितो. त्यांतील पुष्कळशा मोठ्या संस्थांच्या एकगठ्ठा परवान्यातून फुटून बाहेर आलेल्या असतात. त्या आज चालतात, आणि गैरवापर लक्षात आल्यावर रद्द होतात. विकणारा जे देतो त्यात पंचवीस अक्षरे असतात. परवाना नसतो, आणि बहुधा धड बिलही नसते.

या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न मात्र वेगळाच आहे : नवे ऑफिस हवे कशासाठी? पूर्वी याचे उत्तर ठोस असे. एक्सेल २००३ मध्ये एका पानावर ६५,५३६ ओळी मावत, २००७ मध्ये ती मर्यादा १०,४८,५७६ झाली; ज्या पतसंस्थेची वर्षभराची व्यवहारयादी जुन्या मर्यादेत बसत नव्हती तिला अपग्रेड लागणारच होते. आजचे कारण सहसा बाहेरून येते. लेखापरीक्षकांकडून आलेली एक्सेलची फाइल २०१९ मध्ये उघडली की सगळे आकडे व्यवस्थित दिसतात, पण एखाद्या चौकटीवर दोनदा क्लिक करून एंटर दाबले की आकडा जाऊन तेथे चूक दाखवणारा शब्द येतो. सूत्राच्या पट्टीत पाहिले तर एक्सलुकअप (यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारे फंक्शन) या नावाआधी कुठलासा अनोळखी उपसर्ग लागलेला असतो. हे फंक्शन २०२१ पासूनच्या एक्सेलमध्ये आणि वर्गणीच्या ऑफिसमध्ये आहे, २०१९ मध्ये नाही. फाइल खराब नसते, पाठवणाऱ्याचे ऑफिस पुढचे असते. असे आठवड्याला घडत असेल तर नवी आवृत्ती घ्यावी. वर्षातून एकदा घडत असेल तर पाठवणाऱ्याला सूत्रांऐवजी नुसते आकडे ठेवून फाइल पाठवायला सांगावे.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट नवे ऑफिस घेण्याआधी तपासावी. युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या फायली नव्या आवृत्तीने आपोआप सुधारत नाहीत. संगणकावर तो फाँट नसेल तर २००४ चा ठराव उघडल्यावर पानभर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. तेव्हाची कळफलक चालवणारी सॉफ्टवेअर, विशेषतः डोंगलवर (संगणकाला जोडायच्या छोट्या किल्लीवर) चालणारी, ६४ बिटच्या विंडोजवर आणि ऑफिसवर अडखळू शकतात, आणि ऑफिस २०१९ पासून बसवताना ६४ बिटच गृहीत धरले जाते. एक्सेलमधील जुन्या मॅक्रोंचीही (कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावलींचीही) काही वेळा तीच तऱ्हा होते. म्हणून एका संगणकावर आधी नवे ऑफिस बसवून, कार्यालयात रोज लागणारी पत्रे, ताळेबंदाचा नमुना आणि मॅक्रो असलेल्या फायली उघडून पाहाव्यात, छापूनही पाहाव्यात, आणि मगच बाकीच्यांची मागणी नोंदवावी.

वर्ड-एक्सेलसारखीच कामे करणाऱ्या लिबरऑफिसच्या बाबतीत अपग्रेड आणि पूर्ण हा वादच नाही, कारण ते मोफत आहे, नवी आवृत्ती उतरवून घ्यायची एवढेच, आणि मराठी मेन्यूसह ते चालते. साधी पत्रे, इतिवृत्ते, पावत्यांचे तक्ते यांना ते पुरेसे आहे. बाहेरून आलेल्या वर्डच्या गुंतागुंतीच्या फायलींत तक्ते सरकतात आणि एक्सेलचे मॅक्रो सगळे चालतीलच असे नाही. ज्या टेबलावर बाहेरच्या फायली येत नाहीत त्या टेबलासाठी मात्र पैसे खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

ज्या पतसंस्थेच्या व्यवस्थापकांच्या फोनमुळे हे लिहायला घेतले त्यांनी शेवटी मुख्य कार्यालयातील दोन संगणकांसाठी होम अँड बिझनेस २०२४ घेतले आणि शाखांमध्ये लिबरऑफिस बसवले. वर्गणी त्यांनी नाकारली, कारण दरवर्षीचा खर्च दरवर्षी संचालक मंडळापुढे ठेवावा लागतो आणि एखाद्या वर्षी मंजुरी लांबली तर मार्चअखेरीलाच एक्सेल अडून बसेल अशी त्यांना धास्ती होती. मला ते कारण पटले. त्यांना मी एकच सूचना आग्रहाने केली. आजच्या ऑफिसला सीडी नसते. की एकदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात भरली जाते त्या खात्याशी परवाना जोडला जातो, आणि बहुतेक कार्यालयांत ते खाते संगणक सुरू करून देणाऱ्या मुलाच्या किंवा एखाद्या लेखनिकाच्या खासगी ईमेलवर उघडलेले असते. तो नोकरी सोडून गेला की परवाना त्याच्याबरोबर जातो. म्हणून खाते संस्थेच्या ईमेलवर उघडावे, पासवर्ड परत मिळवण्यासाठीचा मोबाइल क्रमांक संस्थेचाच द्यावा, आणि की, बिल व खात्याचे नाव यांची नोंद जडवस्तू नोंदवहीत संगणकाच्या नोंदीखालीच करावी.